भराव किती, खोदाई किती? सॉफ्टवेअर घेण्याआधी समजून घ्यायचा हिशेब

धुळे-जळगाव महामार्गाच्या दोन्ही अंगांना, चाळीसगाव, शिरपूर, शहाद्याच्या वेशीवर शेतं मोडून ले-आऊट पडतायत. सोबत लॉन्स, मंगल कार्यालयं, फार्महाऊस, शाळांची मैदानं. या प्रत्येक जागी पहिला मोठा खर्च मातीचा असतो. कुठे किती खोदायचं, कुठे किती मुरूम टाकायचा, पाणी कुठल्या कोपऱ्यातून काढायचं, हे जेसीबी यायच्या आधी कागदावर यायला हवं. हल्ली ते सॉफ्टवेअरमधून येतं. विक्रेता डेमोमध्ये रंगीत थ्रीडी जमीन फिरवून दाखवतो, एक बटण दाबतो आणि कटिंग इतके घनमीटर, फिलिंग इतके घनमीटर असे आकडे पडतात.

दोन दशांश स्थळांपर्यंत छापलेला आकडा खरा वाटतो, आणि खरेदीतली गफलत तिथेच होते. आतलं गणित जुनं आहे, शाळेतल्या भूमितीच्या पलीकडचं नाही. सारखी माहिती दिली तर महागडं आणि फुकटचं, दोन्ही जवळपास सारखंच उत्तर देतात. फरक पडतो तो त्यांना माहिती कशी देता येते, मातीचे थर वेगळे ठेवता येतात का, आणि प्लिंथ, म्हणजे इमारतीचं जोतं, दहा सेंटीमीटर वर घ्यायची ठरली तर सगळा हिशेब पुन्हा व्हायला दोन मिनिटं लागतात की दोन दिवस, यात.

## मुळात मोजायचं काय?

ठरलेल्या आधारबिंदूपासून एखाद्या जागेची उंची म्हणजे तिची लेव्हल. आजच्या सगळ्या लेव्हल जोडून जमिनीचा एक पृष्ठभाग तयार होतो. काम संपल्यावर जशी जमीन हवी, तिचा दुसरा. दुसरा जिथे पहिल्याच्या खाली, तिथे खोदाई. जिथे वर, तिथे भराव. दोहोंच्या मधली पोकळी म्हणजे घनफळ. सॉफ्टवेअर एवढंच मोजतं.

बिंदूंपासून पृष्ठभाग करताना बहुतेक सॉफ्टवेअर तीन-तीन बिंदू जोडून त्रिकोणांचं जाळं विणतात. याला टिन म्हणतात. काही जमिनीचे चौकोनी तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याला एक लेव्हल देतात. ती ग्रिड पद्धत.

आता चुकीची किंमत बघा. एक एकर म्हणजे 4047 चौरस मीटर. एवढ्या जागेत सरासरी लेव्हल फक्त 10 सेंटीमीटरने चुकली तर सुमारे 405 घनमीटरचा फरक पडतो. आपल्याकडे माती-मुरुमाचा व्यवहार ब्रासवर चालतो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर. म्हणजे एका एकरात वीतभरापेक्षा कमी चुकीचे 143 ब्रास झाले. पाच ब्रासच्या हायवा डंपरच्या अठ्ठावीस-एकोणतीस खेपा, आणि दहा एकरांच्या ले-आऊटला याच्या दहापट. कुठलंही सॉफ्टवेअर ही चूक पकडत नाही, कारण ती त्याच्यात शिरण्याआधीच झालेली असते.

## लेव्हल चुकतात कुठे?

सगळ्यात जास्त फटका बांधांचा बसतो. समजा सर्व्हेअरने दर 10 मीटरवर लेव्हल घेतल्या आणि त्यातली एक ओळ नेमकी बांधाच्या माथ्यावर आली. बांध एक मीटर उंच, माथ्याला अर्धा मीटर, पायथ्याला दीड मीटर. दहा मीटर लांबीत खरी माती 10 घनमीटर. पण सॉफ्टवेअरला बांधाचा पायथा ठाऊकच नाही. ते माथ्यावरचा बिंदू दोन्ही बाजूंच्या 10 मीटर लांबच्या बिंदूंना सरळ जोडतं आणि वीस मीटर पायथ्याची टेकडी उभी करतं. दहा मीटर लांबीत माती झाली 100 घनमीटर, खऱ्याच्या दहापट. उलट ओळ बांधाच्या शेजारून गेली तर बांध गायब.

यावर उपाय म्हणजे कड-रेषा. बांधाचा माथा, दोन्ही पायथे, चारीच्या दोन्ही कडा आणि तळ, रस्त्याची कड, नाल्याचा काठ या ओळींवर बिंदू घेऊन त्या जोडायच्या आणि सॉफ्टवेअरला सांगायचं की कुठलाही त्रिकोण ही रेषा ओलांडून जाऊ नये. कड-रेषा घालायची सोय नसलेलं सॉफ्टवेअर सपाट मैदानासाठी चालेल, शेतजमिनीसाठी नाही. विकत घेताना पहिला प्रश्न हाच. दुसरा प्रश्न हद्दीचा: जागा इंग्रजी एलच्या आकाराची असेल तर मधल्या, मोजणीत नसलेल्या भागावर त्रिकोण ताणले जातात आणि शेजाऱ्याच्या शेताचं घनफळही आपल्या हिशेबात येतं. बाहेरची हद्द आखून ते कापता आलं पाहिजे.

काळ्या जमिनीची स्वतःची एक खोड आहे. भारी काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मे महिन्यातली आणि ऑगस्टमधली तिची लेव्हल काही सेंटीमीटरने वेगळी भरते, एक फावडंही न मारता. खोल नांगरटीनंतरही जमीन वर आलेली दिसते. म्हणून कामाआधीच्या लेव्हल पिकं निघाल्यावर, नांगरटीआधी घ्याव्यात. ज्यावरून सगळ्या लेव्हल काढतात तो तात्पुरता आधारबिंदू काळ्या मातीत खुंटी ठोकून कधीच करू नये. रस्त्याच्या मोरीचा कठडा, विहिरीचा बांधीव काठ, मुरुमावर टेकलेल्या जुन्या इमारतीची पायरी, असं काहीतरी शोधावं.

फाईल आत घेताना होणारे घोळ वेगळेच. सर्व्हेअरच्या टोटल स्टेशन या मोजणी-यंत्रातून सीएसव्ही फाईल येते, तिच्यात बिंदू क्रमांक, नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर), ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर), लेव्हल, वर्णन असे रकाने असतात. नॉर्दिंग-ईस्टिंगची अदलाबदल झाली तर नकाशा आरशात पाहिल्यासारखा उलटतो. गंमत म्हणजे क्षेत्रफळ आणि घनफळ तेच राहतं, त्यामुळे चूक आकड्यांत सापडत नाही. ती सापडते मोजणी नकाशावर बसवताना.

जीपीएस यंत्राने काम केलं असेल तर आणखी दोन गोष्टी. यूटीएम या नकाशा-पद्धतीत पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेले असतात; खान्देश त्यातल्या 43 उत्तर पट्ट्यात येतो आणि त्या पट्ट्याचा मध्य, 75 अंश पूर्व रेखांश, अमळनेरजवळूनच जातो. मध्यावर यूटीएममधली अंतरं प्रत्यक्षापेक्षा 0.04 टक्के कमी भरतात, 100 मीटरला 4 सेंटीमीटर. मातीच्या हिशेबात हे किरकोळ, पण प्लॉटच्या खुणा मारताना नाही. दुसरी गोष्ट मोठी. जीपीएसची उंची समुद्रसपाटीपासूनची नसते. आपल्या भागात दोहोंत 50 मीटरहून जास्त फरक आहे. जुन्या लेव्हल एका पद्धतीच्या आणि नव्या दुसऱ्या असतील, तर अहवाल पन्नास मीटर खोदायला सांगेल. एवढी मोठी चूक निदान दिसते तरी.

## शेततळ्याने घ्या परीक्षा

सॉफ्टवेअर घनफळ काढतं कसं, हे विक्रेत्याला विचारण्यापेक्षा स्वतः तपासावं. त्यासाठी शेततळं पुरतं. वर 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर, बाजूंचा उतार 1 ला 1.5, म्हणजे एक मीटर खाली जाताना दीड मीटर आत. तळ येतो 21 बाय 21. मधल्या उंचीवरचा चौकोन 25.5 बाय 25.5. वरचं क्षेत्रफळ 900, मधलं 650.25, तळाचं 441. मधल्याची चौपट करून तिन्हींची बेरीज करा, खोलीने गुणा, सहाने भागा. उत्तर 1971 घनमीटर. हे पक्कं आहे.

आता सॉफ्टवेअरमध्ये 100 लेव्हलची सपाट जमीन करा. मग आठ बिंदू द्या: वरचे चार कोपरे लेव्हल 100 ला, तळाचे चार 97 ला, कडांपासून 4.5 मीटर आत. त्रिकोणांवर चालणारं सॉफ्टवेअर 1971 देईल. 2011.5 आलं तर ते वरच्या आणि तळाच्या क्षेत्रफळांची नुसती सरासरी घेतंय, म्हणजे दोन टक्के जास्त.

खरी मजा छेदांची. रस्त्याच्या कामाची सवय असलेले लोक ठरावीक अंतरावर आडवे छेद काढतात आणि दोन छेदांची सरासरी मधल्या अंतराने गुणतात. रस्त्याला ही पद्धत उत्तम. पण याच तळ्यात दर 10 मीटरवर छेद घेतले तर पहिला आणि शेवटचा छेद काठावर पडतो, तिथे क्षेत्रफळ शून्य. मधले दोन प्रत्येकी 76.5 चौरस मीटरचे. घनफळ येतं 1530. खऱ्यापेक्षा 441 घनमीटर, म्हणजे 156 ब्रास कमी. छेद 5 मीटरवर घेतले की 1912.5, चूक तीन टक्क्यांवर येते. बागेतले उंचवटे, तळी, वळणदार उतार यांना छेदांची पद्धत लावायचीच असेल तर अंतर फार कमी ठेवावं लागतं. त्यापेक्षा दोन पृष्ठभागांची थेट तुलना करणारं सॉफ्टवेअर बरं.

मात्र सरकारी कामात छेद आणि लेव्हल-शीट लागतेच. मोजमाप पुस्तिकेत कामाआधीच्या आणि कामानंतरच्या लेव्हल नोंदवाव्या लागतात. ठेकेदार आणि अभियंता दोघांच्या सह्यांनी घेतलेल्या सुरुवातीच्या लेव्हल नसतील तर बिलाच्या वेळी भांडण ठरलेलं. तेव्हा सॉफ्टवेअर कितीही हुशार असो, ते ग्रिडची लेव्हल-शीट आणि छेद कागदावर छापून देतं का ते पाहा.

## स्क्रीनवर 353 ब्रास, मग डंपरमध्ये साडेचारशे कसे?

हा प्रश्न प्रत्येक मालक विचारतो आणि त्यापुढे बहुतेकदा ठेकेदारावर संशय घेतो. उत्तर जिनिंगमध्ये आहे. मोकळ्या रुईचा ढीग खोली भरतो. तीच रुई प्रेसमध्ये दाबली की 170 किलोची घट्ट गाठ होते. वजन तेच, जागा वेगळी. मातीच्याही अशा तीन अवस्था असतात: जागेवरची, खोदून सुटी झालेली, आणि रोलरखाली दाबलेली. दोन पृष्ठभागांच्या तुलनेतून निघणारी खोदाई जागेवरची असते. डंपरमध्ये जाते ती सुटी. भरावात मोजली जाते ती दाबलेली.

खोदल्यावर मुरूम साधारण 20 ते 25 टक्के फुगतो, काळी माती 25 ते 30, फोडलेला दगड 50 च्या आसपास. म्हणून 1000 घनमीटर काळ्या मातीची खोदाई स्क्रीनवर 353 ब्रास दिसते आणि वाहतूक होते 440 ते 460 ब्रासची. भरावाचं गणित उलट बाजूने. दाबून 1000 घनमीटर भराव हवा असेल तर खाणीत जागेवरचा सुमारे 1100 घनमीटर मुरूम लागतो आणि ट्रकांमध्ये मोजला तर 1300 ते 1400. नेमका आकडा मुरुमागणिक बदलतो. मोठ्या कामात एक मोजका खड्डा खणून त्यातून निघालेली माती ट्रॉलीत मोजून बघणं, हा स्वस्तातला आणि भरवशाचा प्रयोग.

चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये खोदाई आणि भराव यांचे गुणक वेगवेगळे भरता येतात. ऑटोडेस्क कंपनीच्या सिव्हिल थ्रीडीमध्ये ते कट फॅक्टर आणि फिल फॅक्टर या नावाने आहेत. गुणक एकदाच लावावा. डिझाइन करणाऱ्याने तो अहवालात लावला, अंदाजपत्रक करणाऱ्याने पुन्हा लावला आणि ठेकेदाराने दर देताना तिसऱ्यांदा, असं सर्रास होतं. अहवालाच्या डोक्यावर ‘जागेवरचे घनफळ, गुणक 1’ असं छापून ठेवलं की हा घोळ मिटतो. रॉयल्टी, वाहतूक, मजुरी यांचं गणित मग एक्सेलमध्ये वेगळं करावं.

## ‘नेट शून्य’ म्हणजे माती आणायचीच नाही?

खोदलेली माती तेवढीच भरावात बसली, बाहेरून काही आणायचं नाही, बाहेर काही न्यायचं नाही, असा समतोल सॉफ्टवेअर आपोआप साधून देतात. प्लॅटफॉर्म थोडा वर-खाली करून नेट शून्यावर आणायचं बटणच असतं. सपाट काळ्या रानात या शून्यावर विसंबू नका.

कारण खोदाईतून निघते ती काळी माती, आणि भराव हवा असतो रस्त्याखाली, फरसबंदीखाली, प्लिंथमध्ये. फुगणारी-आकसणारी काळी माती तिथे चालत नाही. उलट तिथली असलेली काळी माती काढून तिच्या जागी मुरूम थरांनी दाबावा लागतो. म्हणजे काळी माती बाहेर न्यायचा खर्च, मुरूम आणायचा खर्च, आणि कागदावर नेट शून्य! ती माती बागेत, लॉनच्या वाफ्यांत, झाडांच्या खड्ड्यांत वापरता येते. वरचा 15 ते 30 सेंटीमीटरचा कसदार थर तर आधी वेगळा काढून ढीग करून ठेवावा. पण तो हिशेब वेगळ्या ओळीत यायला हवा.

यासाठी सॉफ्टवेअरमध्ये दोनापेक्षा जास्त पृष्ठभाग ठेवता आले पाहिजेत. चाचणी-खड्डे घेऊन काळी माती कुठवर, मुरूम कुठवर, दगड कुठे लागतो याच्या लेव्हल मिळवायच्या आणि प्रत्येक थराचा माथा हा एक पृष्ठभाग करायचा. मग खोदाईचे आपोआप तुकडे पडतात: इतकी माती, इतका मुरूम, इतका खडक. दर प्रत्येकाचा निराळा असल्याने अंदाजपत्रकात हीच विभागणी सर्वांत जास्त पैसे हलवते. भरावासाठी रस्ते-प्लॉट एका हद्दीत आणि बाग दुसऱ्या हद्दीत टाकून दोन स्वतंत्र घनफळं काढायची.

चाचणी-खड्डे किती आणि कुठे, हे जागेवर ठरतं. रावेर, यावल, चोपड्याच्या तापीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात बागेच्या कामापुरतं खोदताना बहुधा दगडाशी गाठच पडत नाही. तिथे अडचण मुरूम लांबून आणण्याची. साक्री आणि नंदुरबारकडे उलट. धुळे-नंदुरबारचा भाग डाइकसाठी भूगर्भशास्त्रात प्रसिद्ध आहे. डाइक म्हणजे बेसाल्टच्या भेगांत तप्त शिलारस घुसून थिजल्याने झालेली कठीण दगडाची उभी भिंत. त्या साधारण पूर्व-पश्चिम पसरलेल्या असतात आणि काही अगदी अरुंद असतात. खड्ड्यांची ओळ पूर्व-पश्चिम घेतली तर ती डाइकला समांतर जाते आणि भिंत दोन ओळींच्या मधून निसटते. म्हणून ओळ उत्तर-दक्षिण घ्यावी. सॉफ्टवेअर फक्त दोन खड्ड्यांच्या मधली सरळ रेषा ओढतं; मधली दगडाची भिंत त्याला कळत नाही.

## एक्सेलमध्ये होतंच की!

होतं. एक-दोन एकराचा सपाट प्लॉट, एकाच उतारात न्यायचा, मध्ये बांध-चारी नाही, तर 10 बाय 10 मीटरचा ग्रिड घ्या. प्रत्येक चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर नवी लेव्हल वजा जुनी लेव्हल, चौघांची सरासरी, गुणिले 100. एवढ्यासाठी वार्षिक वर्गणीचं सॉफ्टवेअर घेणं म्हणजे पैसे वाया. फक्त एक पथ्य: ज्या चौकोनात दोन कोपरे खोदाईत आणि दोन भरावात आहेत, तिथे सरासरी शून्याजवळ येते आणि दोन्ही कामं हिशेबातून पुसली जातात. असे चौकोन आणखी बारीक करावेत.

एक्सेल दमतं ते बदलात. मालकाने मधला रस्ता सरकवला, ओपन स्पेसला दोन टक्के उतार हवा म्हणाला (50 मीटरला 1 मीटर), की सगळ्या लेव्हल हाताने पुन्हा. असे बदल तिसऱ्यांदा आले की सॉफ्टवेअरचे पैसे वसूल.

## गूगलवरून किंवा उपग्रहावरून लेव्हल घेतल्या तर?

तालुक्याचा नकाशा समजून घ्यायला, पाणी कुठून कुठे वाहतं ते बघायला छान. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोसॅटची उंचीची माहिती मोफत आहे, नासाची 2000 सालच्या अंतराळयान मोहिमेतली एसआरटीएमही आहे. दोहोंत 30 मीटरचा एक चौकोन म्हणजे एक आकडा, आणि उंचीतली चूक मीटरांत. दहा सेंटीमीटरला 143 ब्रास, हे आठवा. सॉफ्टवेअर ही माहिती बिनतक्रार घेतं आणि तितकेच सुंदर कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, काढतं, म्हणून सावध राहावं.

## ड्रोन उडवला की झालं, नाही का?

मोकळ्या जागेत ड्रोन झकास काम देतो. जमिनीवर खुणा ठेवून त्यांची लेव्हल नीट मोजली असेल तर काही सेंटीमीटरपर्यंत अचूकता मिळते. पण कॅमेऱ्याला वरचा पृष्ठभाग दिसतो. केळीची बाग उभी असेल तर जमीन नाही, पानं मोजली जातील. पऱ्हाटी उभी असेल, बांधावर बाभळी असतील, तिथेही तेच. सॉफ्टवेअर झाडं गाळून जमीन काढतं असा दावा असतो. विरळ झाडीत ते जमतं. दाट केळीत जमिनीचा एकही ठिपका फोटोत नसतो, तर गाळणार काय? अशा भागात सर्व्हेअरने पायी जाऊन बिंदू घ्यायचे आणि ड्रोनच्या माहितीत जोडायचे. खुणांखेरीज पाच-दहा जागी ऑटो लेव्हल या दुर्बिणीच्या यंत्राने तपासणीच्या लेव्हल घ्याव्यात, त्या हिशेबात न वापरता नुसत्या ताडून बघाव्यात. ड्रोनचे लाखो बिंदू घ्यायची ताकद सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये नसते. आधी ते विरळ करावे लागतात. आणि जळगाव विमानतळाच्या आसपास उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा हवाई क्षेत्राचा नकाशा बघावाच लागतो.

## मग घ्यावं कोणतं?

ले-आऊटचे रस्ते, गटारं, पाइप, घनफळ सगळं एका ठिकाणी हवं असेल आणि काम सतत असेल, तर सिव्हिल थ्रीडीला आज बाजारात तोड नाही. माणसंही तीच शिकून येतात. पण ते फक्त विंडोजवर चालतं, 16 जीबी रॅमखाली रडतं, शिकायला महिने घेतं आणि वर्गणी थांबली की बंद. ऑटोडेस्कने कायमस्वरूपी परवाने विकणं 2016 सालीच थांबवलं. विद्यार्थी-शिक्षकांना शिकण्यापुरतं ते मोफत मिळतं. त्यावर धंद्याचं काम करता येत नाही.

एकदाच पैसे भरायचे असतील तर ब्रिक्सकॅड प्रो बघण्यासारखं आहे. ऑटोकॅडची सवय असलेल्याला ते परकं वाटत नाही, ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाईल थेट उघडतं, आणि त्यात पृष्ठभाग, उतार, घनफळाची साधनं आहेत. माझ्या मते तालुक्याच्या गावातल्या दोन-तीन माणसांच्या ऑफिसला एवढं पुष्कळ होतं. कार्लसन सिव्हिल याच जातकुळीतलं. सर्व्हेअर मंडळींत भारतीय ईसर्व्हे कॅडही चालतं: टोटल स्टेशनची माहिती आत, कंटूर, छेद आणि घनफळ बाहेर. डिझाइनची खटपट कमी, मोजणीचं काम जास्त, तर तेच बरं.

लँडस्केप आर्किटेक्टची गरज वेगळी. त्यांना झाडांची यादी, फरसबंदी, भिंती आणि वळणदार उंचवटे एकत्र हवे असतात. व्हेक्टरवर्क्स लँडमार्क मॅकवरही चालतं आणि त्यातलं जमिनीचं मॉडेल खोदाई-भराव काढून देतं. राइनो हे थ्रीडी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना लँड्स डिझाइन जोडता येतं. स्केचअप ग्राहकाला दाखवायला उत्तम; त्यातला मातीचा आकडा निविदेत घालू नये.

ठेकेदाराला डिझाइन करायचंच नसतं. समोर आलेल्या नकाशावरून दर द्यायचा असतो. त्याच्यासाठी कुब्ला क्यूब्डसारखं सॉफ्टवेअर आहे. पीडीएफ नकाशावर लेव्हल गिरवून घनफळ काढता येतं आणि थरही देता येतात.

फुकटातलं नकाशांचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस दुर्लक्ष करण्यासारखं मुळीच नाही. दोन्ही पृष्ठभाग ग्रिडमध्ये करायचे, एकातून दुसरा वजा करायचा, की खोदाई-भरावाचा रंगीत नकाशा तयार. चौकोन अर्ध्या मीटरचा ठेवला तर शेततळ्याची परीक्षा ते सहज पास होतं. ड्रोनच्या बिंदूंसाठी क्लाउडकम्पेअर, ड्रोनचे फोटो जोडायला वेबओडीएम, दोन्ही मोफत. मात्र यांत प्लिंथची लेव्हल बदलली की उतार आपोआप बदलत नाही. डिझाइन दुसरीकडे करून हिशेब इथे तपासायचा, असा यांचा उपयोग.

## क्रॅक व्हर्जन मिळतंय, मग पैसे कशाला?

कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी व्यवहार बघा. सिव्हिल थ्रीडीची फाईल साध्या ऑटोकॅडमध्ये उघडली की पृष्ठभाग नुसता दिसतो, बदलता येत नाही. क्रॅक व्हर्जन बंद पडलं किंवा व्हायरसने कॉम्प्युटर गेला, तर अर्ध्या झालेल्या ले-आऊटचं मॉडेल हातात असून उपयोगाचं राहत नाही, तेही बिलाच्या तोंडावर.

हाच धोका बाहेरच्या डिझायनरकडून काम करून घेणाऱ्या मालकालाही आहे. त्याने नुसती पीडीएफ घेऊ नये. मूळ बिंदूंची सीएसव्ही, कड-रेषांसकट नकाशाची डीएक्सएफ फाईल, आणि जुन्या-नव्या दोन्ही पृष्ठभागांची लँडएक्सएमएल फाईल, असं सगळं मागून घ्यावं. लँडएक्सएमएल बहुतेक सिव्हिल सॉफ्टवेअर वाचतात, त्यामुळे उद्या दुसरा माणूस दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तोच हिशेब पुन्हा करू शकतो. सोबत एका कागदावर आधारबिंदू कुठे आहे, त्याची लेव्हल किती, मोजणी कुठल्या महिन्यात झाली, शेतात त्या वेळी पीक होतं का, आणि घनफळ जागेवरचं की सुटं, एवढं लिहून घ्यावं. कामाचा करार करताना या फाईलींचा उल्लेख त्यातच करावा. काम संपल्यावर मागितल्या तर त्या मिळतीलच असं नाही.